सुट्या भागांचे विमान

विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांच्या परिचयाची एक वस्तू आहे. एका सपाट पेटीत पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोनतीन पत्रे असतात. पत्रा तापवून मऊ करावयाचा, साच्यावर अंथरावयाचा आणि खालची हवा शोषून घ्यावयाची. म्हणजे तो साच्याला घट्ट बिलगतो आणि निवल्यावर तोच आकार धरून राहतो. अशा पत्र्यांवर एखाद्या प्रवासी विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग, पंखांच्या वरच्या व खालच्या बाजू, शेपटी आणि इंजिनांची आवरणे उठून आलेली असतात. सोबत एक कागद असतो. त्यावर एक आकृती आणि चार ओळी: भाग कापून काढा, कडा घासा, दोन्ही अर्ध जोडा, पंख बसवा.

एवढ्या सामग्रीवर ज्याला विमान उभे करावयाचे असते, त्याच्या ध्यानात लवकरच येते की, खरे काम या चार ओळींच्या मधल्या जागेत आहे. पत्र्याला स्वतःची जाडी असते. ती काचकागदावर घासून काढली नाही, तर जोडलेले धड मुळापेक्षा जाड होते. अधिक घासली, तर ते चपटे पडते. जोडाच्या जागी खुंटी नसते की भोक नसते. म्हणून आतून पट्ट्या लावाव्या लागतात. पोकळ धड बोटाच्या दाबाने आत जाते. म्हणून आत पडदे उभे करावे लागतात. दोन्ही पंखांची वर चढती ढाळ सारखी यावी लागते. यांपैकी कशाचाही उल्लेख कागदावर नसतो. मग तो छांदिष्ट छायाचित्रे मिळवतो, मोजमापे काढतो, स्वतःच आराखडा रेखतो. एखादा पंख बिघडला, तर तो टाकून दुसरा करतो. आणि विमान पुरे होईतो, पंख धडाला कोठे व कशासाठी बसतो, हे त्याला असे काही उमगलेले असते की, ते क्रमांक घातलेल्या तयार भागांच्या पेटीने त्याला कधीच शिकविले नसते.

मेजावर घडणारी ही गोष्ट एका देशाच्या बाबतीत, आणि तीही खऱ्याखुऱ्या विमानांसंबंधाने, घडलेली आहे. तिचे मुख्य स्थळ बंगळूर. तिचा आरंभ परक्या देशातून आलेल्या सुट्या भागांच्या पेट्यांनी झाला, आणि अवघ्या दहा वर्षांत त्याच जागेतून स्वतःच्या आराखड्याचे विमान आकाशात गेले. या दहा वर्षांत तेथील माणसे काय शिकली, आणि कोणती गोष्ट शिकावयाची राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

या कथेचा आरंभ करणारे गृहस्थ सोलापूरचे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा. घरचा व्यवसाय सावकारीचा व कापसाचा. पण यांची वृत्ती बांधकामाची. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी कामे त्यांच्या कंपनीने केली. १९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबई बंदरातून निघाली, तेव्हा परकीय कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रावर त्यांनी पाऊल टाकले. जमिनीवर रस्ते व बोगदे आणि पाण्यावर बोटी झाल्यावर, या माणसाचे लक्ष आकाशाकडे वळावे हे स्वाभाविकच होते. परंतु त्याला निमित्त मिळाले ते योगायोगाने.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांच्या जुळणीचा कारखाना चालविला होता. जपानी आक्रमणामुळे तो मागे मागे सरकत ब्रह्मदेशाच्या सीमेवरील लोइविंग येथे येऊन पोहोचला होता. अमेरिकेतून सुटे भाग आणावयाचे, स्थानिक कामगारांकडून त्यांची जुळणी करावयाची आणि विमान उडवावयाचे, ही त्यांची पद्धत. जे चीनमध्ये शक्य झाले ते हिंदुस्थानात का शक्य होऊ नये, हा प्रश्न वालचंदांच्या मनात उभा राहिला. त्या वेळी या देशात विमाने उडत होती, विमानचालनाच्या संस्था होत्या. पण विमान तयार करणारा एकही कारखाना नव्हता.

जागेचा शोध त्यांना म्हैसूर संस्थानात घेऊन गेला. संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी या कल्पनेचे मनःपूर्वक स्वागत केले. बंगळुराजवळ सुमारे ७०० एकर जमीन देण्यात आली आणि संस्थान भागीदार झाले. या निवडीत नुसता दिवाणांचा उत्साह नव्हता. शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर १९०२ पासून वीज निर्माण होत होती. भद्रावतीला लोखंडाचा कारखाना होता. जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून निघालेली भारतीय विज्ञानसंस्था याच शहरात होती. हवा समशीतोष्ण, जमीन उंच पठाराची, आणि समुद्रकिनारा शत्रूच्या हल्ल्यापासून सुरक्षित वाटावा इतका दूर. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड’ या कंपनीची नोंदणी झाली. मार्च-एप्रिल १९४१ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारही २५ लाख रुपये घालून तिसरा भागीदार झाले. सरकारला ही बुद्धी व्हावी याचे कारण देशाच्या उद्योगाविषयीचा कळवळा हे नव्हते. पूर्वेकडे जपानचे संकट उभे राहत होते, हे होते.

मग पेट्या आल्या. त्यांतून जे पहिले विमान बाहेर पडले त्याचे नाव ‘हार्लो’. या विमानाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो नावाचे अध्यापक होते. विमानविद्येच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकविण्यापेक्षा त्यांच्याकडून एक प्रत्यक्ष विमानच करून घ्यावे, असे त्यांनी ठरविले. वर्गातील अभ्यास म्हणून घडविलेले ते विमान १९३७ साली उडाले. त्याच मालिकेतील, एकामागे एक अशा दोन बैठकींचे, शिकाऊ वैमानिकांसाठी केलेले विमान बंगळूरला आले. ज्या विमानाचा जन्मच विद्यार्थ्यांच्या हातून झाला, तेच हिंदुस्थानातील पहिल्या विमान-कारागिरांच्या हाती पहिला धडा म्हणून पडावे, हा योग विलक्षण खरा.

सुट्या भागांतून विमान उभे करणे म्हणजे घराला दारे बसविणे नव्हे. हार्लो सर्वस्वी धातूचे होते. अशा विमानात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा हेच अंग आणि हीच ताकद. आत कमानी व फासळ्या, वर पत्रा, आणि दोहोंना एकजीव करणारी हजारो रिव्हेटे. रिव्हेटासाठी पाडलेले भोक केसभर मोठे झाले, तर रिव्हेट ढिले बसते. कडेच्या फार जवळ गेले, तर पत्रा चिरतो. एका पंखाचा कोन किंचित चुकला, तर विमान हवेत सारखे एका अंगाला कलत राहते. म्हणून प्रत्येक भाग पोलादी चौकटीत आवळून धरावा लागतो. कारखान्याच्या भाषेत तिला ‘जिग’ म्हणतात. ती चौकट चुकली की पुढचे प्रत्येक विमान चुकते. आराखडा फक्त माप सांगतो. ते माप हातात कसे धरावे, पत्रा ठोकताना तो केव्हा थकतो, कोणत्या आवाजावरून रिव्हेट नीट बसले हे ओळखावे, या गोष्टी शेजारी उभे राहणाऱ्या जाणत्या माणसाकडून शिकाव्या लागतात, नाही तर आपल्याच चुकांवरून. पॉली यांच्याबरोबर आलेले अमेरिकन तंत्रज्ञ हे बंगळूरचे पहिले शिक्षक होते. उरलेले शिक्षण चुकांनी केले.

कंपनीच्या नोंदणीला वर्षही झाले नव्हते. १९४१ च्या पावसाळ्यात पहिले हार्लो बंगळूरच्या आकाशात गेले. पुढच्या वर्षी, १९४२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, कर्टिस कंपनीचे ‘हॉक’ हे लढाऊ विमान जुळून तयार झाले व उडाले. या हॉकचे सुटे भाग मुळात चीनसाठी निघाले होते. लोइविंगचा कारखाना बॉम्बहल्ल्याने आणि पुढे शत्रूच्या आगमनाने बंद पडल्यावर ते काम बंगळूरकडे आले. एका देशासाठी भरलेल्या पेट्या दुसऱ्या देशात उघडल्या गेल्या. त्यांतून मोजकीच विमाने पुरी झाली. पण हॉक हे हार्लोपेक्षा कितीतरी अवघड विमान, आणि ते साधले हे महत्त्वाचे.

हॉक उडाले त्या दिवशी मात्र वालचंद हिराचंद या कारखान्याचे मालक राहिले नव्हते. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेतल्याचे जाहीर केले. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, आणि युद्धाच्या धामधुमीत कारखाना सर्वस्वी आपल्या हाती असावा, असे सरकारला वाटले. म्हैसूर संस्थानने आपला हिस्सा सोडला नाही, तथापि कारभार सरकारकडे दिला. पुढे नव्या विमानांच्या निर्मितीची योजना बाजूला पडली. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या स्वाधीन झाला आणि त्याचे रूपांतर दुरुस्तीच्या प्रचंड आगारात झाले.

वरवर पाहता ही पिछेहाट होती. विमान घडविण्यासाठी निघालेला कारखाना मोडकी विमाने दुरुस्त करू लागला. वालचंदांच्या दृष्टीने तर ती हानीच होती, आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. पण येथील कारागिरांच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले, तर निराळेच चित्र दिसते. जुळणी करणारा माणूस क्रमांकावरून क्रमांकाकडे जातो. दुरुस्ती करणाऱ्याला उलट दिशेने जावे लागते: मोडले काय, ते का मोडले, कोणत्या भागावर किती भार येत होता. ब्रह्मदेशाच्या आणि आसामच्या आघाडीवरून येणारे प्रत्येक विमान हा एक नवा प्रश्न होता. पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमाने बेळ्ळंदूरच्या तलावात उतरत आणि तेथून कारखान्यात येत. पूर्वेकडील युद्धात वापरली जाणारी नाना जातींची विमाने या आगारातून गेली. युद्ध संपले तेव्हा ज्या हातांनी चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा रिव्हेट ठोकले होते, त्या हातांना विमानाच्या अंतरंगाची ओळख झालेली होती.

युद्ध संपताच दुसरी अडचण उभी राहिली. विमानांचे काम आटले. एवढा कारखाना, एवढी माणसे, आणि हाताला काम नाही. अशा वेळी कारखान्याने धातूचे रेल्वेचे डबे तयार करून निर्वाह केला. पण त्याच सुमारास एक काम असे आले की, ज्यामुळे सामान्य प्रवाशाचा या कारखान्याशी संबंध जुळला. युद्धातून मोकळी झालेली शेकडो डाकोटा विमाने विक्रीला निघाली होती. देशात नव्या विमानकंपन्या निघत होत्या आणि त्यांना स्वस्त विमाने हवी होती. डाकोटा हे मूळचे प्रवासी विमान. १९३५ साली डग्लस कंपनीने ते ‘डीसी-३’ या नावाने उडविले होते. युद्धात त्याला लष्करी पेहराव चढला. भिंतीलगत धातूची बाके, मालासाठी भक्कम जमीन, रुंद दार; आतून उघड्या फासळ्या आणि कानठळ्या बसविणारा आवाज. या मालवाहू पिंजऱ्याचे पुन्हा प्रवासी विमान करावयाचे होते. आतून अस्तर, आवाज अडविणारा थर, खुर्च्यांच्या रांगा, हवेची व्यवस्था, आणि या सगळ्यानंतरही विमानाचा तोल जेथल्या तेथे. हे काम बंगळूरला झाले. १९४९ साली नागपूर हे केंद्र धरून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परत फिरत. ती विमानेही डाकोटा जातीचीच होती.

याच काळातील दुसरे एक काम मात्र एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. ‘लिबरेटर’ नावाची चार इंजिनांची अवजड बॉम्बफेकी विमाने ब्रिटिश हवाई दलाला अमेरिकेने युद्धकाळात उसनवारीच्या कराराने दिली होती. युद्धानंतर ती परत करावी किंवा नष्ट करावी, अशी अट होती. कानपूरच्या तळावर अशी कितीतरी विमाने जमा करून, ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाणूनबुजून मोडून ठेवण्यात आली. स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या भारतीय हवाई दलाला अवजड विमानांची निकड भासली. विकत आणावयास पैसा नव्हता. तेव्हा कोणाच्या तरी मनात आले, की हे भंगार पाहावे.

बंगळूरचे तंत्रज्ञ कानपुरास गेले. त्यांच्यापुढे सूचनापत्र नव्हते, क्रमांक घातलेल्या पेट्या नव्हत्या. उन्हापावसात पडलेल्या, गवत वाढलेल्या सांगाड्यांतून एकाचे चाक, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याचे इंजिन निवडून काढावयाचे होते. जेमतेम एका उड्डाणापुरते विमान उभे करावयाचे आणि ते बंगळूरला न्यावयाचे. खरी दुरुस्ती तेथे. हे उड्डाण करणारा वैमानिकही तितकाच खंबीर हवा. कारखान्याचे परीक्षक वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ही जोखीम पत्करली, आणि अशी चाळीसहून अधिक विमाने कानपुराहून बंगळुरास सुखरूप आणली. १९४८ च्या नोव्हेंबरात हवाई दलाची अवजड बॉम्बफेकी तुकडी याच विमानांवर उभी राहिली. पुढे समुद्रावरील टेहळणीसाठी ती १९६८ पर्यंत उडत राहिली. आणि १९७४ मध्ये त्यांतील एक लिबरेटर भारताने ब्रिटनला भेट म्हणून दिले; ते स्वतःच्या पंखांवर उडत तेथे गेले आणि रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात दाखल झाले. ज्यांनी ते भंगार म्हणून टाकले होते, त्यांच्याच दारी ते जिवंत होऊन परतले.

येथवर जे घडले ते सर्व दुसऱ्याने कल्पिलेल्या विमानांवर घडले. जोडणे, मोडणे, बदलणे आणि जगविणे इतके साधले. पण फासळी येथेच का, पंख एवढाच लांब का, या प्रश्नाचे मूळ उत्तर अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहिलेले होते. ते उत्तर येथे देऊ पाहणारा माणूस कोल्हापूरकडच्या एका खेड्यातून आलेला होता.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गटिंगेन येथे गेले. तेथे लुडविग प्रांटल अध्यापन करीत होते. पंखाच्या पृष्ठभागालगत हवेचा जो अगदी पातळ थर असतो, त्याचे मर्म प्रांटल यांनी उलगडून दाखविले होते. आधुनिक वायुगतिशास्त्र हे पुष्कळ अंशी त्यांच्याच विचारावर उभे आहे. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर या विद्येला देशात जागा कोठे होती? ती बंगळूरने दिली. १९४२ च्या डिसेंबरात भारतीय विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या अध्यापकांत घाटगे होते. वातविवराची उभारणी झाली. वातविवर म्हणजे मोठा बोगदा; त्यात पंख्याने वारा वाहता करावयाचा आणि त्या वाऱ्यात विमानाची लहान प्रतिकृती धरावयाची. विमान स्थिर असते आणि हवा धावते; पण पंखावर येणारा उचल आणि ओढ यांचे माप त्यातून मिळते. खेळण्याएवढी वाटणारी ती प्रतिकृती म्हणजे विमानाला विचारलेला पहिला प्रश्न असतो. तिच्या पंखाची कड किंचित जाड राहिली, तर उत्तर चुकते. प्रतिकृती घासून घासून कडा पातळ करणारा मेजावरचा छांदिष्ट आणि वातविवरातला शास्त्रज्ञ यांचे नाते येथे जुळते.

युद्धकाळात घाटगे यांच्या आराखड्यानुसार सैनिक वाहून नेणारे बिनइंजिनाचे एक विमान कारखान्याने घडविले होते. पण खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर आली. हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी साधे, भरवशाचे विमान हवे होते. ते परदेशातून आणावयाचे की येथे घडवावयाचे? घाटगे आणि त्यांचे सहकारी कोऱ्या कागदापुढे बसले. ज्या कारागिरांनी आजवर दुसऱ्याची सूचनापत्रे वाचली होती, त्यांच्यासाठी आता येथेच सूचनापत्र लिहावयाचे होते. आणि ते लिहिताना, कारागिराला कोठे अडते हे ठाऊक असलेली माणसे शेजारीच होती. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ‘एचटी-२’ हे विमान उडाले. एकामागे एक अशा दोन बैठकी, खालच्या बाजूस जोडलेला पंख, सर्वांग धातूचे, वैमानिकाच्या पहिल्या धड्यासाठी केलेले.

दहा वर्षांपूर्वी पावसाळ्यातच जे पहिले विमान याच जागेवरून उडाले होते, तेही याच जातीचे होते: दोन बैठकींचे, धातूचे, शिकाऊ वैमानिकाचे. दोहोंच्या आराखड्यांत संबंध नाही. पण त्या दोन विमानांमधले अंतर म्हणजेच या दहा वर्षांची कमाई. हार्लो पेटीतून निघाले होते. एचटी-२ कागदातून निघाले. पुढे या विमानांची संख्या दीडशेच्या वर गेली. भारतीय वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनी आकाशातले पहिले पाऊल त्यातून टाकले, आणि घाना या नवस्वतंत्र देशाच्या हवाई दलानेही ती विमाने घेतली. वालचंद हिराचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये निवर्तले. ज्या कारखान्याला त्यांना मुकावे लागले होते, त्यातून या देशाचे स्वतःचे विमान उडाल्याची वार्ता त्यांच्या हयातीतच आली.

येथे ही कथा संपविली, तर ती सुखान्त होईल; पण पुरती खरी होणार नाही. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश बनावटीचे होते. पुढे जर्मनीहून आलेले नामांकित अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला ‘मरुत’ या जेट लढाऊ विमानाची आखणी झाली. प्रत्यक्ष विमानापूर्वी, त्याच आकाराचे आणि तेवढ्याच मोठेपणाचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान करण्यात आले. १९५९ पासून डाकोटाच्या मागे दोराने बांधून ते वर नेत आणि उंचावर सोडून देत. अशी पाऊणशेच्या आसपास उड्डाणे झाली. बंगळूरच्या आकाशाने पाहिलेली ती सर्वांत मोठी प्रतिकृती म्हणावी लागेल. १७ जून १९६१ रोजी खरे मरुत उडाले. त्याचे अंग उत्तम होते. परंतु त्या अंगाला शोभेल असे बलवान इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. आकार साधला होता. आतली ऊर्जा मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर राहिली.

त्याच वर्षी दुसरीकडे पुन्हा पेट्या उघडल्या जात होत्या. ज्या कानपुरात लिबरेटर भंगारात पडली होती, तेथेच हवाई दलाने ‘ॲव्हरो ७४८’ या ब्रिटिश प्रवासी विमानाच्या जुळणीचे काम हाती घेतले. जुन्या छपरांखाली, ब्रिटनहून आलेल्या सुट्या भागांतून जुळविलेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. हवाई दलाचे दिवंगत प्रमुख सुब्रतो मुकर्जी यांच्या स्मरणार्थ त्याला ‘सुब्रतो’ हे नाव दिले होते. १९६४ मध्ये कानपूरचे हे काम आणि बंगळूरचा कारखाना एकाच ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ या संस्थेत आले. पुढे या विमानांतून प्रवाशांनीही प्रवास केला. त्यानंतरच्या दशकांत परकीय परवान्याने किती तरी जातींची विमाने या संस्थेने बांधली, आणि तिच्यावर वारंवार एक आक्षेप घेतला गेला: ही घडण नव्हे, ही नुसती जुळणी.

हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. पण तो जसाच्या तसा स्वीकारूनही चालणार नाही. जुळणीत दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पेटीतला कागद हा शेवटचा शब्द असतो. भाग संपले की काम संपते, आणि पुढची पेटी येईपर्यंत हात जोडून बसावे लागते. दुसऱ्या प्रकारात कागदावर जे लिहिलेले नाही, त्याचा शोध सुरू होतो. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत बंगळूरला जे घडले ते या दुसऱ्या प्रकारचे होते. परिस्थितीने ते घडवून आणले, हेही खरे. शत्रू दाराशी आला म्हणून सूचना अपुऱ्या पडल्या. पैसा नव्हता म्हणून भंगार उपसावे लागले. काम नव्हते म्हणून रेल्वेचे डबे करावे लागले. परंतु त्याच वेळी गटिंगेनहून शिकून आलेला शास्त्रज्ञ, विज्ञानसंस्थेतले वातविवर आणि कारखान्यातला फिटर ही तिन्ही एका शहरात होती. टंचाई पुष्कळ ठिकाणी असते. तिच्यापासून शिकणारी माणसे एकत्र असणे, हे क्वचित घडते. पुढील काळात पेट्या अधिक नीटनेटक्या आल्या, कागद अधिक सविस्तर आले, आणि जेथे जेथे त्यांच्यापलीकडे पाहण्याची निकड उरली नाही, तेथे शिकणेही मंदावले. इंजिनाच्या बाबतीत ही उणीव आपल्या देशाला दीर्घकाळ जाणवली.

डॉ. घाटगे १९९१ मध्ये कालवश झाले. बंगळूरचे जुने विमानतळही आता मोठ्या प्रवासी विमानांसाठी पूर्वीसारखे उघडे नाही. शहर त्याच्या चारही बाजूंनी वाढले आहे. तरी त्याच शहरातील एखाद्या घरात, मेजावर, पांढऱ्या पत्र्यातून कोणी मुलगा आजही एखाद्या जुन्या डाकोटाचे धड कापून काढीत असेल. त्याच्यापुढे चार ओळींचा कागद असेल. दोन अर्ध जुळत नाहीत, म्हणून तो पुन्हा काचकागद हाती घेईल, पुन्हा घासील, पुन्हा जुळवून पाहील. त्याच्या वडिलधाऱ्यांनी अशा वेळी त्याला अधिक सविस्तर सूचना आणून देण्याची घाई करू नये. कागद संपला आहे, आणि शिकणे आता सुरू होत आहे.